सहा घोड्यांची करवत



मेहकरहून हिवरा आश्रमाकडे येणाऱ्या रस्त्याने ज्येष्ठातल्या एखाद्या वादळी संध्याकाळनंतर तुम्ही आलात, तर वाटेत एखादे जुने कडुनिंब आडवे पडलेले दिसेल. दोन्ही बाजूंना वाहने खोळंबलेली असतील. पूर्वी अशा वेळी गावातून कुऱ्हाडी येत. दोन टोकांना दोघांनी धरून ओढायची लांब करवत येई. वाट मोकळी होईपर्यंत अर्धा दिवस सरे. आता मोटारसायकलच्या मागे बसून एक माणूस येतो. त्याच्या मांडीवर एक यंत्र असते. तो दोरीला हिसका देतो, कानठळ्या बसतात, भुशाचा फवारा उडतो आणि मांडीएवढी फांदी मिनिटभरात दुभंगते.

या यंत्राला आपण साखळी-करवत म्हणू. बाजारात त्याला चेन-सॉ म्हणतात आणि गावात ‘झाड कापायची मशीन’. लांब पात्याच्या कडेने सायकलच्या साखळीसारखी एक साखळी वेगाने फिरते. त्या साखळीला दात असतात आणि ते दात लाकूड कापतात. एवढीच तिची रचना.

आता एक कोडे पाहा. तुमच्या आजोबांच्या विहिरीच्या काठी जुने तेल-एंजिन गंजत पडले असेल. त्याच्या अंगावरची पाटी पुसून वाचा. ‘६ अश्वशक्ती, दर मिनिटास ६५० फेरे’ असे काहीसे तिच्यावर असेल. हे एंजिन चार गड्यांनाही सहजी उचलत नाही. मोठ्या साखळी-करवतीची शक्तीही जवळजवळ तेवढीच, म्हणजे सहा अश्वशक्तीच्या आसपास असते. ती मात्र एक माणूस हातात धरून चालवतो. हे कसे शक्य झाले? आणि हे घडवून आणताना माणसाला काही किंमत मोजावी लागली का?

यंत्राची कुंडली

उत्तर शोधण्यासाठी आपण काही छांदिष्ट लोकांची मदत घेऊ. जुनी नाणी आणि तिकिटे जमवणारे लोक तुम्हाला माहीत आहेत. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जुन्या साखळी-करवती जमवणारे लोकही आहेत. ते प्रत्येक यंत्राची एक कुंडली तयार करतात. तिच्यात पुढील गोष्टी लिहिलेल्या असतात : कारखान्याचे नाव, नमुना, वर्ष, सिलिंडरची धारिता, अश्वशक्ती, वजन, पात्याची लांबी, साखळीच्या कड्यांमधील अंतर आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण.

यांतील ‘धारिता’ म्हणजे दट्ट्या वर-खाली सरकताना सिलिंडरात जेवढी जागा व्यापतो तेवढे घनफळ. ते काढणे तुम्हाला अवघड नाही. समजा, सिलिंडरचा आतील व्यास ५ सेंमी. आहे आणि दट्ट्याची धाव ४ सेंमी. आहे. वृत्तचितीच्या सूत्राने ३.१४ × २.५ × २.५ × ४ = ७८.५ घन सेंमी. मोटारसायकलच्या संदर्भात आपण ‘शंभर सी.सी.’ म्हणतो, तेव्हा याच मापाबद्दल बोलत असतो. अमेरिकन पाट्यांवर हे माप घन इंचांत असते. १ घन इंच म्हणजे सुमारे १६.४ घन सेंमी.

काही कारखाने यंत्राच्या नावातच कुंडली लिहीत. १९४९ साली अमेरिकेतील मॅककुलक कारखान्याने ‘३-२५’ नावाची करवत विकायला काढली. ३ अश्वशक्ती आणि २५ पौंड वजन, असा त्या नावाचा अर्थ. २५ पौंड म्हणजे सुमारे ११.३ किलोग्रॅम.

तेलाचे प्रमाणही नीट वाचावे लागते. या करवतींच्या एंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते, तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. बऱ्याच जुन्या यंत्रांना १६ भाग पेट्रोलास १ भाग तेल लागे. आजच्या यंत्रांना आजचे तेल ५० भागांस १ भाग पुरते. हा आकडा न पाहता इंधन घातले, तर कोरडा पडलेला दट्ट्या सिलिंडरात घट्ट अडकून बसतो आणि जपून ठेवलेले यंत्र एका दुपारीत निकामी होते.

तीन यंत्रे, एकच शक्ती

साखळीने कापण्याची कल्पना जंगलात जन्मलेली नाही. १८३० च्या सुमारास जर्मनीतील बर्नहार्ट हाइने याने हाड कापण्यासाठी एक उपकरण तयार केले. त्यात दात असलेली बारीक साखळी हाताने दांडा फिरवून चालवीत. लाकडासाठी हातातली यंत्रे बनायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. जर्मनीतच आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. पण जंगलात वीज कुठून आणायची? म्हणून १९२९ साली त्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र काढले.

आता याच कारखान्याच्या तीन यंत्रांच्या कुंडल्या शेजारी शेजारी मांडू :

१९२९ चे झाड पाडण्याचे यंत्र : ६ अश्वशक्ती, ४६ किलोग्रॅम.
१९५९ ची ‘कॉन्ट्रा’ : ६ अश्वशक्ती, १२ किलोग्रॅम.
आजची ‘एमएस ४६२’ : ४.४ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६ अश्वशक्ती, ६ किलोग्रॅम (पाते व साखळी सोडून).

शक्तीचा आकडा जागचा हललेला नाही. वजन मात्र ४६ वरून १२ वर आणि १२ वरून ६ वर आले. पहिल्या यंत्राला दोन माणसे लागत, एक एंजिनाच्या बाजूला आणि दुसरा पात्याच्या टोकाला. पुढची दोन एकट्याने चालवायची आहेत. दर किलोग्रॅममागे किती अश्वशक्ती मिळते ते काढून पाहा. १९२९ साली ०.१३, १९५९ साली ०.५ आणि आज १. संग्राहक जुने यंत्र हातात घेतात तेव्हा त्यांना खरी गोडी असते ती या एका भागाकाराची.

वजन गेले कुठे?

विहिरीवरचे एंजिन आणि करवत यांची तुलना करू. शक्ती म्हणजे एका सेकंदात होणारे कार्य. ते दोन गोष्टींवर अवलंबून असते. एका स्फोटात किती कार्य होते आणि असे स्फोट किती वेळा होतात.

विहिरीवरचे एंजिन चार धावांचे असते. आत घेणे, दाबणे, जळणे आणि बाहेर टाकणे या चार धावांत त्याचे दोन फेरे होतात. म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकच स्फोट. मिनिटाला ६५० फेरे असतील तर ३२५ स्फोट. करवतीचे एंजिन दोन धावांचे असते, त्यात प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. ते मिनिटाला ९००० फेरे घेत असेल तर ९००० स्फोट. ९००० ला ३२५ ने भागा. उत्तर सुमारे २८ येते. करवतीत स्फोट २८ पट अधिक वेळा होतात, म्हणून तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी एका स्फोटाने २८ पट कमी काम केले तरी भागते. मग सिलिंडरही लहान चालतो.

प्रत्यक्षात काय आढळते? अशा तेल-एंजिनाची धारिता साधारण १४०० घन सेंमी. असते आणि ‘एमएस ४६२’ ची ७२ घन सेंमी. हे प्रमाण २८ पट येत नाही, सुमारे २० पट येते. कारण दोन धावांच्या एंजिनात जळालेला धूर बाहेर काढणे आणि ताजे मिश्रण आत घेणे ही दोन्ही कामे घाईत, जवळजवळ एकाच वेळी उरकावी लागतात. त्यामुळे त्याचा प्रत्येक स्फोट थोडा अधुरा असतो. गणित आणि यंत्र यांत असा फरक दिसला की गणित खोटे ठरले असे समजू नका. त्या फरकात यंत्राचे आणखी एक गुपित दडलेले असते.

याशिवाय आणखी दोन सुधारणा झाल्या. जुन्या यंत्रांत एंजिन आणि साखळी यांच्यामध्ये वेग कमी करणारी दातेरी चाकांची पेटी असे. ‘कॉन्ट्रा’मध्ये ती काढून टाकली आणि एंजिनाच्या दांड्यानेच साखळी फिरवली. दुसरे म्हणजे, ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूंचे भाग आले.

आणखी एक अडचण होती. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असे, आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा. यंत्र आडवे केले की तो चेंडू भलतीकडे जाई आणि एंजिन बंद पडे. म्हणून उभे झाड कापायचे असेल तेव्हा एंजिन सरळ ठेवून नुसते पातेच वळवावे लागे. १९५० च्या आसपास पातळ पडद्याचा कार्ब्युरेटर या यंत्रांत आला. पडद्याला वर-खाली कळत नाही, त्यामुळे करवत कशीही धरली तरी चालू लागली.

अळीने दिलेला धडा

एंजिन सुधारले तरी साखळीचे दात जुनेच होते. ते हातकरवतीच्या दातांची नक्कल होते. लाकूड खरवडत, भुशाने भरत आणि लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या एका ओंडक्याकडे पाहत होता. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची जाड अळी ओंडक्यात सहजपणे वाट काढत होती. लाकडाच्या रेषांच्या दिशेने जायचे असो की आडवे, तिला फरक पडत नव्हता. कॉक्सने बारकाईने पाहिले. अळीचे दोन जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले होते, एक डावीकडे कापी आणि दुसरा उजवीकडे.

त्याने साखळीला तसेच दात बसवले, आळीपाळीने एक डावा आणि एक उजवा. १९४७ साली त्याने असल्या साखळ्यांचा धंदा सुरू केला. आज तुम्ही गावात पाहता त्या करवतीच्या साखळीचे दातही याच कुळातले आहेत. पुढच्या वेळी यंत्र बंद असताना आणि दुरून ते जरूर पाहा.

साखळीचा वेग

आता संग्राहकांच्या कार्डावरील ‘साखळीच्या कड्यांमधील अंतर’ या आकड्याकडे येऊ. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील एकूण अंतर मोजतात आणि त्याची निमपट करतात. बऱ्याच करवतींत हा आकडा ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिमी. असतो. साखळी फिरवणाऱ्या दंतचक्राला समजा ७ दात आहेत. एका दातामागे साखळी या अंतराच्या दुप्पट सरकते. म्हणून एका फेऱ्यात साखळी ७ × २ × ९.५२५ = १३३.३५ मिमी. सरकते. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५० फेरे. तेव्हा साखळीचा वेग १५० × १३३.३५ मिमी., म्हणजे सेकंदाला सुमारे २० मीटर.

ताशी किती झाले? ७२ किलोमीटर. एस.टी. बसच्या वेगाने धावणाऱ्या धारदार दातांची माळ त्या माणसाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर फिरत असते. काही अनपेक्षित दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात चार मीटर साखळी पुढे निघून गेलेली असते.

पाटीवर नसलेले आकडे

येथवर आपण पाटीवरचे आकडे वाचले. आता १९५० च्या दशकातल्या पाट्यांवर जे आकडे नव्हते त्यांच्याकडे पाहू.

वेगाने वर-खाली होणारा दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा दिशा बदलतो. बैलगाडी एकदम थांबली की आपण पुढे फेकले जातो. तसा प्रत्येक वळणावर दट्ट्या सबंध यंत्राला धक्का देतो. फेरे दुप्पट केले तर हा धक्का चौपट होतो. जड यंत्र असे धक्के आपल्या वजनात जिरवते. हलके यंत्र ते सरळ मुठीकडे पाठवते. म्हणजे ज्या दोन उपायांनी करवत हलकी झाली, वाढलेले फेरे आणि घटलेले वजन, त्याच दोन उपायांनी चालवणाऱ्याचे हात हादरू लागले. सेकंदाला शंभराहून अधिक धक्के, रोज कित्येक तास आणि वर्षानुवर्षे.

याचे परिणाम वैद्यकाला आधीच ठाऊक होते. १९११ साली इटलीतील जोव्हान्नी लोरिगा याने आणि १९१८ साली अमेरिकेतील डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी दाबलेल्या हवेच्या हातोड्यांनी दगड घडवणाऱ्या कामगारांच्या बोटांबद्दल लिहिले होते. थंडीत ती बोटे पांढरीफटक पडत, बधिर होत आणि शर्टाचे बटण लावणेही कठीण होई. कंपनाने बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, थंडी लागताच त्या आक्रसतात आणि रक्त टोकापर्यंत पोचत नाही. साखळी-करवत जंगलात रुळली, तेव्हा जपान आणि युरोपातील लाकूडतोड्यांना हेच दुखणे जडले. अर्ध्या शतकापूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट यंत्राच्या कुंडलीत कोणीच मांडली नव्हती.

उपाय पुढे निघाला आणि तो साधाच होता. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मुठी आणि एंजिन यांच्यामध्ये रबराचे तुकडे बसवू लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी साखळीला ब्रेक आला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत एकदम चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. हात सावरण्यापूर्वीच सगळे घडून जाते. म्हणून पुढच्या मुठीपुढे एक आडवी ढाल असते. उसळीसरशी ती ढकलली जाते आणि ब्रेक लागून साखळी क्षणार्धात थांबते. आजच्या यंत्राच्या पुस्तिकेत डाव्या मुठीचे कंपन, उजव्या मुठीचे कंपन आणि आवाजाचे डेसिबेल असे आकडे अश्वशक्तीच्या शेजारीच छापलेले असतात. त्यांच्याशिवाय कुंडली पुरी मानत नाहीत.

‘कॉन्ट्रा’सारखे यंत्र एखाद्या संग्राहकाकडे मिळाले, तर तो जाणता असेल तर ते फडताळात ठेवतो. क्वचित चालवलेच, तर हातमोजे, कानावरची झाकणे आणि जाड पोशाख घालून थोडाच वेळ. जुन्या यंत्राचा मान राखायचा, पण त्याच्या अज्ञानाचा नाही.

आपल्या खळ्यावर

तुम्ही म्हणाल, जर्मनी आणि जपानचे हे पुराण आपल्याला कशाला? दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात सोयाबीनची मळणी सुरू होते, पुढे तूर आणि हरभरा येतो. मळणीयंत्राकडे नीट पाहा. त्याचीही एक पाटी असते. तिच्यावर शक्ती असते, फेरे असतात, तासाला किती क्विंटल धान्य निघेल तेही असते. परंतु या यंत्रात हात गेलेला माणूस आपल्या पंचक्रोशीत तुम्ही कदाचित पाहिला असेल. पीक आत सारताना पेंढीबरोबर हात ओढला जातो. रात्रीचे काम, झोपेने जडावलेले डोळे आणि मालकाची घाई. साखळी-करवतीच्या पाटीवर जे नव्हते, तेच येथेही नसे.

भारतीय मानक संस्थेने १९७९ साली मळणीयंत्रांच्या सुरक्षिततेचे मानक ठरवले. पीक आत सारण्याची पत्र्याची पन्हळ निदान ९० सेंमी. लांब असावी आणि तिचा ड्रमकडचा ४५ सेंमी. भाग वरून झाकलेला असावा, असे त्यात आहे. पुढे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणीयंत्रांचे अपघात हेच त्याचे मुख्य कारण होते.

हे ९० सेंमी. कोठून आले, याचा विचार करा. ते एंजिनावरून किंवा धान्यावरून ठरलेले नाहीत. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजा. मोठ्या माणसाचाही हात साधारण ७०–७५ सेंमी. भरतो. हा आकडा यंत्राच्या कुंडलीत माणसाच्या हातासाठी राखून ठेवलेले घर आहे. यंत्र समजून घ्यायचे तर त्याची अश्वशक्ती वाचाच, आणि मग विचारा : चालवणाऱ्याचे माप या पाटीवर कुठे आहे?

करून पाहा

१. घरातील किंवा गावातील एका जुन्या यंत्राची कुंडली तयार करा. तेल-एंजिन, कडबा कापायचे यंत्र, पिठाची गिरणी, शिवणयंत्र, काहीही चालेल. यंत्र बंद असतानाच पाटी वाचा. वर्गातील सर्वांची कार्डे एकत्र केली तर शाळेचा छोटा यंत्रसंग्रह होईल.

२. प्रत्येक कार्डावर ‘पाटीवर नसलेले आकडे’ असे एक घर ठेवा. आवाज किती? फिरता भाग झाकलेला आहे का? हात आणि धोका यांच्यात किती सेंटिमीटर अंतर आहे?

३. मोठ्या माणसांच्या सोबतीने, बंद असलेल्या मळणीयंत्राची पन्हळ मोजा. ती ९० सेंमी. आहे का? झाकलेला भाग ४५ सेंमी. आहे का? नसेल तर मालकाला सांगा. पत्र्याचा तुकडा जोडणे हे लोहाराचे थोड्या वेळाचे काम आहे.

४. दंतचक्राला ८ दात असतील आणि बाकीचे आकडे तेच राहतील, तर साखळीचा वेग किती होईल?

शिक्षकांसाठी : वृत्तचितीचे घनफळ, शक्ती आणि कंपन हे तिन्ही पाठ या एका यंत्राच्या आधारे शिकवता येतील. हिवरा आश्रम येथे विवेकानंद कृषी महाविद्यालय आहे. शेतीयंत्रांची कार्डे तयार करताना विद्यार्थ्यांना अडचण आली, तर तेथील अध्यापकांना विचारण्यास त्यांना उत्तेजन द्यावे. साखळी-करवत मात्र वर्गात आणू नये. तिची कुंडली पुरेशी आहे.